मातीतील जंतू औषध केव्हा बनवितात?

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला की वणीच्या आसपासच्या काळ्या रानातून एक ओळखीचा सुवास उठतो. उन्हाळाभर वखरलेली व तापलेली जमीन पाणी पिऊन थंड होते आणि धुऱ्यावर उभा असलेला शेतकरी त्या वासावरूनच पेरणीचा अंदाज बांधू लागतो. लोक ह्याला मातीचा वास म्हणतात. वस्तुतः तो मातीत राहणाऱ्या जंतूंचा होय. ‘जिओस्मिन’ नावाचा पदार्थ हे जंतू तयार करतात आणि पावसाच्या थेंबांनी तो हवेत उधळला जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसून आले की, ह्या वासाने मातीतील बारीक उड्या मारणारे सहा पायांचे जीव आकर्षित होतात, जंतूंची बीजुके त्यांच्या अंगाला चिकटतात आणि दूरवर पोचतात. वास उगीच सुटत नाही. बीजुके तयार होण्याच्या वेळीच तो निर्माण व्हावा, अशी व्यवस्था त्या जंतूच्या शरीरातच असते.

ह्याच जंतूंच्या कुळातून मानवाला अनेक मोलाची औषधे लाभली आहेत. ती औषधे जंतू कोणत्या वेळी व कोणाच्या हुकमाने तयार करतात, हा प्रश्न प्रयोगशाळेतील वाटला तरी कपाशी, तूर व सोयाबीन पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या फवारणी पंपापर्यंत तो येऊन पोचला आहे.

जमिनीतील अदृश्य वस्ती

चांगल्या जमिनीच्या चिमूटभर मातीत कोट्यवधी जंतू असतात. त्यांपैकी ‘स्ट्रेप्टोमायसीज’ नावाचे जंतू बुरशीप्रमाणे धाग्यांनी वाढतात; परंतु ते बुरशी नव्हेत, जिवाणूच होत. काडीकचरा, मेलेल्या किड्यांची कवचे, बुरशीचे अवशेष असे इतरांना सहज न पचणारे पदार्थ ते कुजवितात. उकिरड्यातील शेणखत मुरत आले की त्यात जी पांढरट राखेसारखी झाक दिसते, तीत ह्या वर्गातील जंतूंचा मोठा वाटा असतो.

१९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे अल्बर्ट शाट्झ यांनी ‘स्ट्रेप्टोमायसीज ग्रिसियस’ ह्या जंतूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. क्षयरोगावर गुणकारी ठरलेले हे पहिले प्रतिजैविक होय. वाक्समन यांना १९५२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राची मातीही ह्या बाबतीत मागे राहिली नाही. पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तेथे डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांचे सहकारी यांनी मातीचे नमुने तपासून नवे जंतू शोधण्याचे काम केले. त्यांना सापडलेल्या एका जंतूला पिंपरी गावावरूनच ‘स्ट्रेप्टोमायसीज पिंप्रिना’ असे नाव मिळाले आणि त्याच्यापासून १९६१ च्या सुमारास हामायसिन हे बुरशीनाशक औषध हाती आले. पुढे १९६४ साली ऑरिओफंजिन हे दुसरे बुरशीनाशक तेथूनच पुढे आले व पिकांच्या बुरशीजन्य रोगांवर वापरले गेले.

औषध नेहमी बनत नाही

मातीत औषध बनविणारे जंतू असले म्हणजे औषधही सतत बनत असेल, असा समज होणे साहजिक आहे. तो बरोबर नाही. औषध बनविणे हे खर्चाचे काम आहे. त्यासाठी अन्न लागते, शक्ती लागते आणि वीस-पंचवीस टप्प्यांचे रासायनिक काम एकामागून एक पार पाडावे लागते. म्हणून जंतू ते काम वेळ पाहूनच हाती घेतो.

प्रत्येक टप्प्याचा आराखडा जंतूच्या जनुकांत लिहिलेला असतो. एका औषधाची जनुके बहुधा एकाच ठिकाणी, एका ओळीत वसलेली असतात. आणि त्या ओळीवर एक-दोन ‘मुकादम’ जनुके असतात. मुकादमाने हाक दिली म्हणजे सर्व ओळ कामाला लागते. तो गप्प असेल तर सर्व जनुके जागच्या जागी असूनही काहीच तयार होत नाही. २००२ साली ‘स्ट्रेप्टोमायसीज सीलिकलर’ ह्या जंतूचा संपूर्ण जनुकसंच वाचण्यात आला. त्यात सुमारे ७,८०० जनुके आढळली, आणि निरनिराळे विशेष पदार्थ बनविणाऱ्या वीसहून अधिक ओळी दिसून आल्या. तोपर्यंत त्या जंतूचे मोजकेच पदार्थ माहीत होते. बाकीच्या ओळी प्रयोगशाळेत मुक्याच राहिल्या होत्या.

थेंबे थेंबे तळे साचे

मुकादमाला हाक कोण देतो, ह्याचा उलगडा स्ट्रेप्टोमायसिनच्या बाबतीत चांगला झाला आहे. १९६७ साली सोव्हिएत रशियातील शास्त्रज्ञ खोख्लोव्ह व त्यांचे सहकारी यांना असे आढळले की, औषध बनविण्याची शक्ती गमावलेल्या एका जंतूला दुसऱ्या जंतूने सोडलेला एक पदार्थ अत्यल्प प्रमाणात दिला, तर तो पुन्हा स्ट्रेप्टोमायसिन बनवू लागतो व बीजुकेही धरतो. ह्या पदार्थास ‘ए-घटक’ असे नाव पडले. एक अब्ज भाग पाण्यात त्याचा एक भागही पुरेसा होतो. पुढे जपानमधील बेप्पू व होरिनौची यांनी त्याचे कार्य तपशिलाने उलगडून दाखविले.

ते कार्य असे चालते. जंतू वाढत असताना प्रत्येक धागा थोडा थोडा ए-घटक बाहेर सोडतो. वस्ती विरळ असेल तोवर तो विखरून जातो. वस्ती दाट झाली की त्याचे प्रमाण वाढते. जंतूच्या पेशीत एक पहारेकरी प्रथिन मुख्य कळ दाबून बसलेले असते. ए-घटक पुरेसा साचला म्हणजे तो ह्या पहारेकऱ्याला चिकटतो व त्याला जागेवरून उठवितो. कळ मोकळी होते, ती मुकादम जनुकास जागे करते, आणि मुकादम स्ट्रेप्टोमायसिनच्या सर्व ओळीस कामाला लावतो. म्हणजे एकटा जंतू शस्त्र उपसत नाही. भोवती आपले पुरेसे भाऊबंद आहेत, अशी खूण पटल्यावरच गावकी एकदम उठते.

खळ्याची राखण

दुसरी खूण उपासमारीची. जोवर भोवती भरपूर साखर व स्फुरद आहे, तोवर बहुतेक स्ट्रेप्टोमायसीज जंतू केवळ वाढतात. औषध बनवीत नाहीत. कारखान्यांनाही हा अनुभव येतो. टाकीतील द्रवात स्फुरद जास्त झाला तर उत्पादन घटते.

अन्न संपत आले की हा जंतू आपल्याच जुन्या धाग्यांचा काही भाग मोडतो आणि त्यातून सुटलेल्या अन्नावर बीजुके पोसतो. ही वेळ धोक्याची असते. सुटलेल्या अन्नावर शेजारचे इतर जंतू टपलेले असतात. नेमके ह्याच वेळी औषध तयार होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखविण्यात आले की, पेशींच्या भिंती मोडताना सुटणारी एक विशिष्ट शर्करा उपाशी जंतूला औषध बनविण्याची सूचना देते. तीच शर्करा अन्न मुबलक असताना मिळाली तर उलट परिणाम होतो. शेतकऱ्याला ही रीत परकी वाटण्याचे कारण नाही. पीक उभे असताना शेतकरी रात्रभर जागत नाही. खळ्यावर रास पडली म्हणजे मात्र राखणीला जातो.

किल्लीबरोबर कुलूप

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूंची प्रथिने बनविण्याची यंत्रणा बिघडविते. ते बनविणारा जंतूही जिवाणूच. मग तो स्वतः का मरत नाही? कारण औषधाच्या जनुकांच्या ओळीतच, मुकादम जनुकाला लागून, औषध निष्प्रभ करणारे एक जनुक असते. मुकादम जागा झाला की हे जनुकही त्याच्याबरोबर जागे होते. शस्त्र तयार होण्याआधी ढाल तयार होते.

ह्याचा अर्थ असा की, औषधाला दाद न देण्याची शक्ती मानवाच्या चुकीतून प्रथम जन्माला आलेली नाही. ती मातीत फार पूर्वीपासून आहे. जनुके एका जंतूतून दुसऱ्या जंतूत जाऊ शकतात. मातीत ही देवघेव मर्यादित राहते, कारण तेथे औषध थोडे, थोड्या जागी व थोडा वेळच असते. परंतु तेच औषध शेतभर, वारंवार आणि भरपूर फवारले, तर साधे जंतू मरतात व ज्यांच्याजवळ ढाल आहे तेच शिल्लक राहून वाढतात. अमेरिकेतील सफरचंदाच्या बागांत रोगनियंत्रणासाठी स्ट्रेप्टोमायसिन वर्षानुवर्षे फवारले गेले. तेथील रोगजंतूंत ह्या औषधाला निष्प्रभ करणारी जनुके १९९० च्या सुमारास आढळली. तशीच जनुके माणसाच्या रोगजंतूंतही सापडलेली आहेत. बागेतील जंतू व दवाखान्यातील जंतू ह्यांच्यामध्ये पक्की भिंत नाही, हा त्याचा बोध होय.

कपाशीवरील फवारणी

कपाशीवर जिवाणूजन्य करपा पडतो. पानांवर शिरांनी वेढलेले कोनाकृती, तेलकट ठिपके दिसतात. पुढे ते काळे पडतात, फांद्या काळवंडतात व बोंडे सडतात. देशी कपाशीवर हा रोग सहसा येत नाही. अमेरिकन जातींवर येतो. रोगाचे जंतू बियाण्यातून व मागील हंगामाच्या पालापाचोळ्यातून येतात. ह्या रोगावर, तसेच डाळिंबाच्या तेल्या रोगावर, स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिन यांचे मिश्रण अनेक वर्षे महाराष्ट्रात वापरले गेले. त्याची छोटी पुडी कीटकनाशकाबरोबर पंपात टाकण्याची सवय अनेकांना लागली. पानावर कोणताही ठिपका दिसला, मग तो बुरशीचा असो की अन्नद्रव्याच्या कमतरतेचा असो, पुडी टाकली जाऊ लागली.

ह्या सवयीचा पैशाच्या दृष्टीनेही विचार व्हावा. प्रतिजैविक जिवाणूवर चालते. बुरशीवर नाही, विषाणूवर नाही आणि अन्नद्रव्याच्या कमतरतेवर तर मुळीच नाही. रोग न ओळखता टाकलेली पुडी म्हणजे पाण्यात टाकलेला पैसा. आणि त्याबरोबर दाद न देणाऱ्या जंतूंची वाढ ही वेगळीच. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगाच्या काही रुग्णांसाठी आजही राखून ठेवलेले औषध आहे. म्हणून डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र शासनाने शेतीतील ह्या दोन औषधांचा वापर टप्प्याटप्प्याने बंद करण्याच्या आदेशाचा मसुदा प्रसिद्ध केला. जुन्या पत्रकातील किंवा दुकानदाराने सांगितलेल्या शिफारशीवर विसंबून ही पुडी खरेदी करणे म्हणूनच योग्य नाही.

बोंडअळीने शिकविलेला धडा

सतत उपसलेल्या शस्त्राचे काय होते, हे यवतमाळ जिल्ह्याने बोंडअळीच्या रूपाने अनुभवले आहे. ‘बॅसिलस थुरिंजिएन्सिस’ हा मातीतील जंतू अन्न संपत आले व बीजुक धरण्याची वेळ आली म्हणजे अळीला मारक असे प्रथिन तयार करतो. त्याचे जनुक कपाशीत घालून बीटी कपाशी निर्माण झाली व मार्च २००२ मध्ये भारतात तिला परवानगी मिळाली. जंतूमध्ये हे जनुक वेळेवर जागे होते. कपाशीत त्याला एका वनस्पती-विषाणूपासून घेतलेली कळ जोडलेली असल्याने ते सदैव जागे असते. कपाशीच्या शेतात अळीला रात्रंदिवस, पेरणीपासून वेचणीपर्यंत, त्या विषाशी सामना करावा लागतो.

ज्या थोड्या अळ्या त्यातून वाचल्या त्यांचीच प्रजा वाढू नये, म्हणून शेताच्या कडेने साध्या कपाशीच्या आश्रय ओळी लावण्याची शिफारस होती. ती फार थोड्यांनी पाळली. पहिल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे गुजरातमध्ये २०१० च्या सुमारास उघड झाले. दोन जनुकांच्या कपाशीतही तोच प्रकार घडला आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात ह्या अळीने मोठी हानी केली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले. एक शस्त्र बोथट झाले की दुसरे अधिक जहाल शस्त्र हाती घ्यावे लागते व त्याची झळ माणसाला लागते. अति तेथे माती, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

मुळाशी पहारा

मग मातीतील जंतूंच्या ह्या शक्तीचा लाभ घ्यावयाचाच नाही काय? अवश्य घ्यावा, परंतु औषध फवारण्याऐवजी औषध बनविणारा जंतूच मुळाशी वसवावा, हा मार्ग अधिक शहाणपणाचा आहे. ‘सूडोमोनास फ्लुरोसन्स’ हा जंतू मुळांवर राहतो आणि रोगकारक बुरशीला मारक असे पदार्थ बनवितो. १९८८ साली अमेरिकेत थॉमाशाव व वेलर यांनी गव्हाच्या मुळावरील अशा एका जंतूची औषध बनविण्याची जनुके निकामी केली. त्याबरोबर त्याची गव्हाचे रक्षण करण्याची शक्ती बरीच घटली. जनुके परत दिली, तेव्हा ती शक्तीही परत आली. रक्षण करणारे द्रव्य कोणते, हे त्यातून स्पष्ट झाले.

येथेही संख्येचा नियम लागू आहे. गव्हाच्या एका मूळरोगावरील अभ्यासात, मुळाच्या प्रत्येक ग्रॅमवर अशा जंतूंची संख्या सुमारे १ लाख झाली तरच रोग दबतो, असे दिसून आले. ह्या जातीतील अनेक जंतू आपापसातील रासायनिक खुणांवरून वस्तीची दाटी ओळखतात आणि दाटी झाल्यावरच मारक पदार्थ बनवितात. पाकिटातील जंतू मेलेले असतील, किंवा ते कोरड्या, सेंद्रिय पदार्थ नसलेल्या मातीत टाकले असतील, तर वस्ती जमत नाही, कळ दाबली जात नाही आणि शेतकऱ्याला गुण दिसत नाही. दोष पुष्कळदा जंतूचा नसतो, वापरण्याच्या रीतीचा असतो.

शेतकऱ्यांनी व कार्यकर्त्यांनी काय करावे

१. प्रथम रोग ओळखावा. शंका असल्यास रोगट झाड मुळासकट कृषि विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषि अधिकाऱ्याकडे न्यावे. ठिपका दिसला की पुडी, ही रीत सोडावी.

२. प्रतिजैविकांची खरेदी करण्यापूर्वी चालू नियम व त्या पिकासाठी मान्यता आहे की नाही, हे विचारून घ्यावे. दवाखान्यातील गोळ्या किंवा जनावरांची इंजेक्शने पिकावर कधीही वापरू नयेत.

३. जिवाणूजन्य करप्यासाठी रोगमुक्त, तंतू काढलेले बियाणे वापरावे. सहनशील वाण निवडावेत. मागील हंगामाची रोगट पाने व बोंडे शेतात राहू देऊ नयेत. पिकांची फेरपालट करावी.

४. तुरीची मर व इतर मुळांच्या रोगांसाठी सूडोमोनास किंवा ट्रायकोडर्मा यांची बीजप्रक्रिया करावी. सूडोमोनासच्या भुकटीचे प्रमाण साधारणपणे किलोभर बियाण्यास १० ग्रॅम असते. तरी पाकिटावरील सूचना पाळाव्यात. जमिनीत देताना चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओल असताना द्यावे.

५. जंतूंचे पाकीट घेताना तयार केल्याची तारीख व मुदत पाहावी. ते उन्हात, खताच्या पोत्यांवर किंवा पत्र्याच्या छपराखाली तापत ठेवू नये.

६. जिवंत जंतूंबरोबर प्रतिजैविक किंवा ताम्रयुक्त औषध मिसळू नये. एका हाताने पहारेकरी नेमून दुसऱ्या हाताने त्यालाच मारण्यासारखे ते होईल.

७. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावून पाहणी करावी, फरदड घेऊ नये व पऱ्हाट्या वेळीच काढाव्यात. फवारणी करताना तोंडाला कापड, हातमोजे व अंगभर कपडे वापरावेत. वाऱ्याच्या उलट दिशेने फवारू नये.

८. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका शेतात प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या बियाण्याच्या शेजारी शेजारी ओळी पेरून दाखवाव्यात आणि मर झालेली झाडे शेतकऱ्यांकडूनच मोजवून घ्यावीत. दहा भाषणांपेक्षा अशा दोन ओळी अधिक बोलतात.

स्ट्रेप्टोमायसीजसारखा डोळ्यांना न दिसणारा जीव शस्त्र बाळगतो. पण भाऊबंद जमल्याशिवाय, गरज पडल्याशिवाय आणि स्वतःची ढाल तयार ठेवल्याशिवाय ते उपसत नाही. त्याने हा संयम युगानुयुगे पाळला, म्हणूनच त्याचे शस्त्र अद्याप धारदार आहे. मानवाच्या हाती तेच शस्त्र येऊन पुरते शतकही झालेले नाही. वणीच्या रानात पुढील मृगाचा पाऊस पडेल व मातीचा सुवास दरवळेल, तेव्हा पायाखालच्या ह्या वस्तीची शेतकऱ्याने आठवण ठेवावी आणि पंपात काही टाकण्यापूर्वी एकदा विचारावे : ह्याची आज खरोखर गरज आहे काय?